सॅकमधला चाकू, खिशातला चाकू

विचारणारा मुलगा सतरा वर्षांचा आहे, बारावीत. महिन्याकाठी एक-दोन ट्रेक करतो. वाढदिवसाला मामाने स्विस चाकू दिलाय. बाबा म्हणतात, पोलिसांनी पकडलं तर पासपोर्ट विसर. मित्र म्हणतात, नऊ इंचांपर्यंत सगळं माफ. त्याचा प्रश्न असा: "कायद्यात राहून आणि कोणाच्या डोळ्यावर न येता हा चाकू रोज जवळ कसा बाळगू?"

यातला 'रोज' तेवढा खोडून टाक, निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. मी सव्वीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय, त्यातली पंधरा वर्षं मुलांची प्रस्तरारोहणाची शिबिरं घेतोय. माझ्या सॅकमध्ये चाकू नव्हता असा ट्रेक मला आठवत नाही. पण सोमवारी सकाळी लोकलने कामाला निघतो तेव्हा खिशात किल्ल्या, पास आणि रुमाल असतो, चाकू नसतो. मला कसली भीती वाटते म्हणून नव्हे. सोमवारी त्याला कामच नसतं, एवढंच. आणि काम नसलेला चाकू जवळ का, हे दुसऱ्याला पटवून देणं फार जड जातं. मी एकदा प्रयत्न करून पाहिलाय, ते पुढे सांगतो.

आधी मित्रांच्या नऊ इंचांकडे येऊ. शिबिराला अठरा वर्षांखालची मुलं यायला लागली तेव्हा आमच्याच ग्रुपमधल्या फौजदारी वकिलाला चहा पाजून मी हे सगळं समजून घेतलं होतं. 1959 चा शस्त्र अधिनियम आहे, पोलीस आणि पेपरवाले त्याला हत्यार कायदा म्हणतात. त्याखालच्या 2016 च्या नियमांत कोणती हत्यारं कोणत्या वर्गात मोडतात याची यादी आहे. तिच्यात तलवारी, खंजीर, भाले आहेत, आणि ज्यांचं पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद आहे असे चाकू आणि कुकऱ्याही आहेत. घरकाम, शेती, शास्त्रीय काम किंवा कारखाना यांसाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. तुझ्या मित्रांनी यातलं 'नऊ इंच' तेवढं उचललं आणि बाकीचं सोडून दिलं.

त्याच कायद्यात शस्त्र म्हणजे काय याची व्याख्या आहे. हल्ल्यासाठी किंवा संरक्षणासाठी हत्यार म्हणून घडवलेली, किंवा तशी करून घेतलेली वस्तू. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापराची वस्तू त्यात येत नाही. काठीचं उदाहरण कायद्यानेच दिलंय. आता या व्याख्येतला 'संरक्षणासाठी' हा शब्द नीट बघ. "मी काय कोणाला मारायला ठेवलाय का, सेल्फ डिफेन्ससाठी आहे" हे वाक्य प्रत्येक मुलाला बिनतोड वाटतं. प्रत्यक्षात त्या वाक्याने तू स्वतःच कबूल करतोस की ही वस्तू भाजीसाठी नाही, हत्यार म्हणून जवळ आहे.

महाराष्ट्रात याहून जवळची भानगड दुसऱ्याच कायद्यात आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, पूर्वीचा 1951 चा मुंबई पोलीस अधिनियम. त्याचं कलम 37(1). सणवार, निवडणूक, मोर्चे, ताणतणाव असला की पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी या कलमाखाली मनाई आदेश काढतात. पेपरात आतल्या पानावर एक चौकोन येतो: शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडुके, बंदुका, सुरे, काठ्या किंवा शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बरोबर नेण्यास मनाई. तो चौकोन कोणी वाचत नाही. यात इंच नाहीत, सेंटिमीटर नाहीत. 'इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू' म्हटल्यावर तुझा दोन बोटांएवढा चाकूही त्यात बसवता येतो. हे आदेश साधारण पंधरा-पंधरा दिवसांचे असतात, पण गणपती, नवरात्र, दिवाळी, मग एखादी निवडणूक असं करत एकाला लागून दुसरा निघतो. मोडला तर कलम 135. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद आणि दंड, आणि चार महिन्यांहून कमी द्यायची असेल तर न्यायाधीशाला कारण लिहून ठेवावं लागतं. वस्तू सरकारजमा होते ती वेगळीच. चाकू-कोयत्यासह पकडल्याच्या बातम्यांत 'हत्यार कायदा कलम 4, 25 सह महाराष्ट्र पोलीस अधिनियम 37(1), 135' ही जोडी तू वाचली असशील.

त्याच पोलीस अधिनियमात तिसरं एक कलम रात्रीपुरतं आहे, 122. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात गुन्हा करायच्या इराद्याने घातक वस्तू घेऊन कोणी सापडला तर तेवढ्यानेच गुन्हा होतो. इराद्याशिवाय ते लागत नाही. पण रात्री दीड वाजता चौकात उभा असलेल्या हवालदाराला तुझा इरादा दिसत नाही. त्याला तू, तुझे कपडे, तुझी उत्तरं आणि चाकू कुठे होता एवढंच दिसतं.

आता माझी गोष्ट. मी एकोणीस वर्षांचा होतो. एका जत्रेत साठ रुपयांना खटक्याचा चाकू घेतला. पितळी मूठ, बटण दाबलं की 'खट्' करून पातं बाहेर. कामाला तो शून्य होता, टोमॅटोसुद्धा चिरडायचा. पण बेल्टला चामडी पाकिटात लटकवून चाललं की आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. एका ट्रेकवरून रात्री उशिरा परतताना एसटी स्टँडवर आम्हा चौघांना पोलिसांनी हटकलं. साहेबांचं पहिलं लक्ष माझ्या कमरेला.

"हे काय?"

"चाकू, साहेब."

"ते दिसतंय. कशाला?"

"सेफ्टीसाठी."

"कोणापासून?"

याला उत्तर नव्हतं. मी गप्प राहिलो, आणि त्या गप्प राहण्यानेच मला पहाटेपर्यंत चौकीतल्या बाकावर बसवलं. वडील आले, त्यांनी ऑफिसचं ओळखपत्र दाखवलं, हात जोडले, मला समज देऊन सोडलं, चाकू तिथेच राहिला. वडील घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ते बाकापेक्षा वाईट होतं.

खरी गंमत पुढे आहे. आमच्यातल्या एकाच्या सॅकमध्ये आईच्या स्वयंपाकघरातली सुरी होती, माझ्या पात्याच्या दीडपट लांब. वर्तमानपत्रात गुंडाळून, दोऱ्याने बांधून, सहा कांदे, अर्धा किलो पोहे आणि तेलाच्या बाटलीबरोबर एका पिशवीत. हवालदाराने ती सोडून पाहिली, पुन्हा गुंडाळली आणि म्हणाला, "कांदे सडतील, बाहेर काढा." बस्स. तेव्हा मला राग आला होता. आज वाटतं, त्या माणसाने दोन्ही वस्तूंचं बरोबर मोजमाप केलं. त्या पिशवीने सुरीची जबानी दिली होती.

कोकणात कुठल्याही वाडीत जा. माणूस कमरेला आकडी बांधून त्यात कोयता अडकवून बागेत चाललेला दिसेल. तुझ्या चाकूच्या तिप्पट पातं, आणि उघडं. कोणाच्या मनात काही येत नाही, कारण पुढे माड आहे आणि हातात दोर आहे. तोच कोयता शहरात एखाद्या पोराच्या शर्टाखाली निघाला तर बातमी होते, आणि गेल्या काही वर्षांत पुण्याच्या आसपास इतक्या वेळा झाली की आता 'कोयता' म्हटलं की शेतकरी आठवायच्या आधी गँग आठवते. याचा भुर्दंड तुझ्यासारख्यांना पडतो. सतरा-अठराच्या मुलाकडे पातं सापडलं की पोलीस पूर्वीइतके हसून सोडत नाहीत. त्यांचंही चुकतं असं मी म्हणणार नाही.

तर 'कोणाच्या डोळ्यावर न येता' याचा अर्थ नीट लावू. तपासणीत सापडू नये अशा जागी दडवणं, असा तुझा अर्थ असेल तर त्यासाठी माझ्याकडे काही नाही. मोज्यात, कमरपट्ट्याच्या आत, मोबाइलच्या कव्हरमागे ठेवलेला चाकू सापडतोच, आणि सापडला की तू काहीही बोललास तरी ती जागाच तुझ्याविरुद्ध बोलते. मिरवायचा नाही, असा अर्थ असेल तर ते सोपं आहे. सॅकच्या आत, मिटलेला, त्याच्या कामाच्या वस्तूंबरोबर. माझा स्वयंपाकाच्या पिशवीत असतो: काडेपेटी, चमचा, मिठाची डबी, छोटा पाट आणि चाकू. आमच्या शिबिरातल्या एकीचा प्रथमोपचाराच्या डबीत असतो, तेही उत्तम. बेल्टला नाही. पँटच्या खिशाला क्लिपने अडकवून नाही, ती क्लिप दहा फुटांवरून दिसते. एसटीत, ट्रेनमध्ये शेजारच्या माणसासमोर उघडून सफरचंद कापायचं नाही. त्याला तू कोण हे माहीत नाही, त्याच्या मांडीवर लेकरू आहे. आणि रील नाही. पातं उघडतानाचा तो स्लो मोशन व्हिडिओ टाकून पोलीस ठाण्याची पायरी चढलेली मुलं आहेत.

कोणी बॅग तपासायला मागितली तर आधीच सांग. "साहेब, ट्रेकला चाललोय, आतल्या पिशवीत भाजी कापायचा चाकू आहे." सांग आणि हात बाहेर ठेव. स्वतः झटकन हात घालून चाकू बाहेर काढू नकोस, त्यांना काढू दे. शिबिराचं पत्र, लीडरचा नंबर, परतीचं तिकीट जवळ असेल तर बोलणं दोन मिनिटांत संपतं.

पण माझ्या पाहण्यातले बहुतेक घोटाळे ट्रेकला जाताना होत नाहीत, ट्रेक संपल्यावर होतात. रविवारी रात्री अकराला घरी पोचायचं, सॅक कोपऱ्यात फेकायची, सोमवारी त्याच सॅकमध्ये वह्या कोंबून कॉलेज. चाकू वरच्या कप्प्यात तसाच. मग मेट्रोच्या स्कॅनरवर पट्टा थांबतो, नाहीतर परीक्षा केंद्राच्या दारात. आमच्या एका मुलाचा चांगला चाकू विमानतळावरच्या जप्तीच्या पेटीत गेला, कारण दिवाळीला आजीकडे निघताना त्याने सॅक झटकली नव्हती. विमानात केबिनमध्ये चाकू चालत नाही, चेक-इन सामानात चालतो. मेट्रो, कोर्ट, मंत्रालय, स्टेडियम, मोठी देवस्थानं, मॉल, परीक्षा, कॉलेज, होस्टेल: इथे नेऊच नकोस, 'फक्त नेलकटरएवढा आहे' हा वाद घालायलासुद्धा नको. यावर माझा उपाय बावळट आहे पण चालतो. घरी चाकूची जागा एक डबा आहे, आणि तो डब्यात पडल्याशिवाय मी आंघोळीला जात नाही.

जंगलाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण हे अनुभवी ट्रेकर्सनाही माहीत नसतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरायला मनाई आहे, आणि त्या कायद्याच्या 'हत्यार' या शब्दात बंदूक, सापळा, विष यांच्या बरोबरीने चाकूही लिहिलेला आहे. राष्ट्रीय उद्यानालाही तेच लागू. आता आपले ट्रेक आठव. हरिश्चंद्रगड आणि कळसूबाई अभयारण्यात. भीमाशंकर अभयारण्यात. बामणोलीहून बोटीने वासोटा करतात तो कोयना अभयारण्यातला. बोरिवलीचं उद्यान तर राष्ट्रीयच. अशा ठिकाणी मी वनखात्याच्या नाक्यावर नोंद करतानाच विचारतो, "भाजीचा चाकू आहे, ठेवून जाऊ का?" कुठे "असू द्या" म्हणतात, कुठे ठेवून घेतात आणि परतताना देतात. ठेवून घेतला तर रात्रीचा कांदा हाताने फोडून खायचा. बुक्कीने फोडलेल्या कांद्याला चव जास्त असते, असं आमचे जुने लोक सांगतात, आणि मला ते पटतं.

आणि झाडावर, बुरुजावर नाव कोरायचं नाही. हे सांगावं लागतं याचीच लाज वाटते, पण सतरा वर्षांच्या हातात पहिला चाकू आला की पहिली खाज हीच असते. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाला इजा केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तुझ्या नावाखाली तारीखही असते, म्हणजे पुरावा तूच देतोस.

आता तुझ्या वयाचं. शस्त्र कायद्यातली एकवीस वर्षांची अट बंदुकीसाठी आहे. खिशातल्या छोट्या चाकूला त्या कायद्यात वयाची अट नाही. मात्र तू अठराच्या आत आहेस, त्यामुळे काही झालंच तर 2015 चा बाल न्याय कायदा लागू होतो. तुला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, आईवडिलांना कळवावं लागतं, चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं. हे तुझे हक्क आहेत, पाठ कर. पण मित्रांतला कोणी "तू मायनर आहेस, तुझ्याकडे ठेव, तुला काही होत नाही" असं म्हणाला, तर त्या मित्रापासून लांब हो. मोठ्यांचे घोळ असेच लहानांच्या दप्तरात शिरतात. अठरा पूर्ण झाले की त्याच चाकूवर गुन्हा नोंदला गेला तर तो चारित्र्य पडताळणीत, पासपोर्टच्या वेळी, नोकरीच्या वेळी समोर येऊन उभा राहतो. त्या बाबतीत बाबा अगदीच वाढवून सांगत नाहीयेत.

बारावीनंतर दिल्लीला शिकायला किंवा यूपीएससीच्या तयारीला जायचा विचार असेल तर तिथलं वेगळं आहे. तिथे 1980 पासून अधिसूचना आहे: खटक्याचे, बटणाचे, गरारीदार (दात्यांवर अडकत उघडणारे) किंवा यांत्रिक युक्तीने उघडणारे चाकू, ज्यांचं पातं 7.62 सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि 1.72 सेंटिमीटर किंवा जास्त रुंद आहे, ते सार्वजनिक जागी बाळगायचे नाहीत. इंग्लंडला गेलेल्या मुलांनी आणखी जपावं. तिथे कारण न देता जवळ ठेवता येतो तो फक्त लॉक न होणारा, मिटणारा आणि तीन इंचांपर्यंत धारेचा चाकू. पातं लॉक होत असेल तर सबळ कारण दाखवावं लागतं, आणि स्वसंरक्षण हे तिथेही कारण धरत नाहीत.

हे सगळं ऐकून "मग कोणता चाकू?" असा प्रश्न उरतो. तुझ्या मामाने घोळ वाचवलाय. स्विस चाकू हा दिसण्यापासूनच अवजार आहे. लाल, बोथट कडांचा, त्यात डबा उघडायचं, स्क्रू पिळायचं, बुचाचं असं काय काय. पातं नखाच्या खाचेने दोन हातांनी उघडावं लागतं, लॉक होत नाही. 91 मिलिमीटरच्या मॉडेलचं पातं सात सेंटिमीटरच्या आसपास असतं आणि ट्रेकवर मला त्याहून मोठं कधी लागलं नाही. कात्री असलेलं मॉडेल असेल तर फारच छान, का ते खाली सांगतो. लाकडी मुठीचे फ्रेंच ओपिनेल चाकूही आता आपल्याकडे मिळतात, पातळ पातं, काकडी कागदासारखी कापते. पण पावसाळ्यात त्याची लाकडी मूठ फुगते आणि पातं आत अडकून बसतं. साध्या पोलादाचं पातं असेल तर एका रात्रीत तांबूस होतं. जुलैत राजमाचीला नेणार असशील तर पुसून खोबरेल लावूनच मिटव. खटक्याचे, फुलपाखरासारखे फिरवायचे, सैनिकी काळे, दातेरी आणि वर काहीबाही भयंकर नाव कोरलेले चाकू घेऊ नकोस. ते कापत नाहीत हे एक, आणि दुसरं म्हणजे ते पाहिल्यावर कोणीही 'कांद्यासाठी' या उत्तरावर हसेल.

आता कात्री. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात धबधब्याच्या कड्यावर रॅपलिंग, म्हणजे दोरीवरून खाली उतरणं, चाललं होतं. एक मुलगी निम्म्यात अडकली. तिचा सैल टी-शर्ट दोरीबरोबर आठच्या आकाराच्या डिसेंडरमध्ये, म्हणजे उतरताना दोरी ज्यातून सरकते त्या कडीत, ओढला गेला होता, दर सेकंदाला आणखी आत. पाण्याचा आवाज इतका की ती काय ओरडतेय ते कळेना. वरून आमचा एक उत्साही मुलगा चाकू उघडून निघाला. मी त्याचा हात धरला. भार असलेल्या दोरीला पातं नुसतं टेकलं तरी ती फाटते. तुझ्या घरच्या ताणलेल्या कपड्यांच्या दोरीवर ब्लेड टेकवून बघ, कापावं लागतच नाही. मी बाजूच्या दोरीने तिच्यापर्यंत उतरलो, तिच्या दोरीवर वर प्रुसिक गाठ (भार पडला की दोरीला घट्ट धरणारी) बांधली, तिला त्यात पाय देऊन उभं राहायला सांगितलं. डिसेंडरवरचा भार उतरला. मग बोथट टोकाच्या कात्रीने टी-शर्टचं कापड, फक्त कापड, बोटभर बोटभर कापत गेलो. चार-पाच मिनिटं लागली असतील, मला अर्धा तास वाटला. तेव्हापासून दोरीजवळ आमच्याकडे कात्री असते, उघडा चाकू नसतो. ट्रेकवरची निम्मी कामं कात्रीचीच निघतात: बँडेज, टेप, सुटलेला धागा, पायाच्या फोडाभोवतीची पट्टी.

चाकू हातात घेण्याच्या सवयी शब्दांनी शिकवता येत नाहीत, तरी काही सांगतो. कापायच्या आधी कोपर वळवून हात चारी बाजूंना फिरव, त्या घेरात माणूस असेल तर कापायचं नाही. आणि लॉक नसलेल्या पात्याने भोसकल्यासारखा जोर लावायचा नाही. मी एकदा नारळाच्या शेंडीत टोक खुपसलं, पातं उलटं मिटलं आणि तर्जनीच्या पेरावर बसलं. तीन टाके. ती खूण आता शिबिरात दाखवायला कामी येते. दुसऱ्याला द्यायचा तर मिटून दे, हातात उघडा देऊ नको. धार नेहमी ठेव. बोथट चाकूला जोर लागतो, जोर लागला की तो घसरतो, आणि घसरला की जिथे नको तिथे थांबतो. गल्लीत सायकलवर धारवाला येत असेल तर त्याच्या चक्राला हा चाकू देऊ नकोस, पातळ पातं तापून खराब होतं. पाटा-वरवंट्याएवढा नव्हे, बोटभर लांबीचा बारीक दगड आण, पाणी लावून सावकाश घास.

राहिलं स्वसंरक्षण, कारण मला वाटतं तुझ्या 'रोज'मागे थोडं तेही आहे. सतराव्या वर्षी माझ्याही मागे होतं. क्लासवरून रात्री परततानाचा बोळ, दुसऱ्या गल्लीतली पोरं, असं काहीतरी. तसं असेल तर घरी सांग, रस्ता बदल, दोघं मिळून या, 112 नंबर हाताशी ठेव. स्वतःचा बचाव करायचा हक्क कायद्याने दिलेला आहे, भारतीय न्याय संहितेतही तो आहे. पण तो समोरच्या धोक्याच्या मापाचा असतो. कोणी कॉलर धरली आणि तू पातं काढलंस, तर त्या क्षणी आरोपी तू होतोस. घातक हत्याराने दुखापत हा स्वतंत्र आणि मोठा गुन्हा आहे. शिवाय झटापटीत छोटा चाकू कोणाच्या हातात राहील हे कोणालाच सांगता येत नाही. आमच्या बचावपथकातल्या एका डॉक्टरांनी सांगितलेलं लक्षात आहे. ते म्हणाले, चाकूच्या भांडणातून येणाऱ्या पोरांच्या तळहाताला बरेचदा स्वतःच्याच चाकूचे वार असतात. मूठ ओली झाली की हात घसरून पात्यावर जातो.

बाबांशी भांडू नकोस. त्यांना घेऊन बस, हे कलम 37 दाखव, डब्याची जागा दोघांनी मिळून ठरवा. आमच्या शिबिरात अठराखालच्या मुलांचे चाकू लीडरकडे जमा असतात आणि स्वयंपाकाच्या वेळी मिळतात. पालकांच्या संमतीपत्रात तशी ओळ आहे. पुढच्या ट्रेकला तुझ्या लीडरलाही तसं करायला सांग, आणि पहिला कांदा बाबांसमोर घरीच काप.

जाताना एक. मामाचा चाकू 91 मिलिमीटरचा असेल तर त्याच्या मुठीत टूथपिक आणि छोटा चिमटा असतो. बोरीचा, बाभळीचा काटा काढायला तो चिमटा चाकूपेक्षा जास्त वापरशील. दोन्ही पहिल्या सहा महिन्यांत हरवतात, सुटे विकत मिळतात.